पेंटच्या डब्यात नेमकं काय असतं, आणि पत्र्यावरचा रंग सालीसारखा का निघतो?

कोरा_पत्रा:

तीन प्रश्न आहेत. वेगवेगळे धागे काढण्यापेक्षा एकातच विचारतो, कारण तिन्हींचं मूळ 'डब्यात काय आणि किती' इथेच असावं असा संशय आहे.

१. पांढऱ्या मॅट इमल्शनचे दोन डबे. दोन्हींवर घटक जवळजवळ सारखेच छापलेत: पांढरं रंगद्रव्य, एक्स्टेंडर (खडूसारखी भरणाची भुकटी), अ‍ॅक्रिलिक इमल्शन, पाणी, अ‍ॅडिटिव्ह. पहिला ओला असताना खालची पेन्सिलची रेघसुद्धा दिसते, वाळला की मात्र सगळं झाकतो. दुसरा ओला असतानाच झाकतो आणि वाळल्यावर फारसा बदलत नाही. पहिल्यावर ओलं फडकं फिरवलं की तेवढा भाग पुन्हा काचेसारखा होतो आणि हाताला पांढरं लागतं. घटक तेच, मग वागणूक वेगळी का?

२. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं दार आणि त्याच्या शेजारी साध्या लोखंडाचं रेलिंग. दोन्हींना एकच ऑइल प्रायमर, एकच एनॅमल, एकाच दिवशी. वर्षभरानंतर रेलिंग ठणठणीत. दारावरचा रंग मात्र नखाने धरून ओढला की हातभर पट्टा निघतो. पट्ट्याची मागची बाजू किंचित चिकट आणि पांढुरकी.

३. इपॉक्सीच्या माहितीपत्रकात घन भाग वजनाने ७८ टक्के आणि आकारमानाने ६० टक्के असे दोन आकडे आहेत. ४० चौरस मीटर लोखंडावर १२५ मायक्रॉनचा कोरडा थर हवा असेल तर हिशोबाला कोणता आकडा धरायचा? आणि राळ व तिला घट्ट करणारा हार्डनर अशा दोन डब्यांचं ४:१ हे मिश्रण मापाने की वजनाने?

रुटाइल:

पहिला प्रश्न मी घेतो. पत्र्यासाठी जस्तफूल येतीलच.

रंगात चार गोष्टी असतात हे सगळीकडे लिहिलेलं असतं: रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारा बाइंडर, पातळ करणारं पाणी किंवा थिनर, आणि चिमूटचिमूट अ‍ॅडिटिव्ह. पण यादी वाचून काहीच कळत नाही, कारण ती प्रमाण सांगत नाही. पाणी उडून गेल्यावर भिंतीवर उरते ती भुकटी आणि बाइंडर. या कोरड्या थराच्या आकारमानात भुकटीचा वाटा किती टक्के, त्या आकड्याला पीव्हीसी म्हणतात. पाइपवाल्या पीव्हीसीशी याचा काही संबंध नाही, नाव दुर्दैवाने तेच पडलंय.

तुमच्या दोन डब्यांसारखे दोन नमुने धरू. आकडे फक्त समजायला घेतलेत.

दुसरा डबा, म्हणजे बरा: टायटॅनियम डायऑक्साइड २०० ग्रॅम, खडूची भुकटी २७० ग्रॅम, निम्मं पाणी असलेलं अ‍ॅक्रिलिक इमल्शन ३०० ग्रॅम. टायटॅनियमची घनता ४.१, म्हणून त्याचे ४९ मिली. खडूची २.७, म्हणून १०० मिली. इमल्शनमधला कोरडा अ‍ॅक्रिलिक १५० ग्रॅम, घनता १.१ च्या आसपास, म्हणजे १३६ मिली. भुकटी १४९, एकूण २८५. पीव्हीसी ५२ टक्के.

पहिला डबा: टायटॅनियम ८० ग्रॅम, खडू ५४० ग्रॅम, इमल्शन १२० ग्रॅम. भुकटी सुमारे २२० मिली, कोरडा अ‍ॅक्रिलिक जेमतेम ५५ मिली. पीव्हीसी ८० टक्के. दोन्ही डब्यांवरची यादी शब्दशः एकच येईल!

आता भुकटीचे कण एकमेकांना टेकले की मधल्या फटी भरायला जेवढा बाइंडर पुरेसा असतो, ती एक सीमा आहे. तिला क्रिटिकल पीव्हीसी म्हणतात. कण किती बारीक आणि कोणत्या आकाराचे यावर ती सरकते, पण भिंतीच्या रंगांत बहुतेक वेळा ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास असते. बरा डबा या सीमेवर बसलाय. पहिला खूप पुढे गेलाय. तिथे बाइंडर फटी भरायला पुरत नाही, आणि उरलेल्या जागेत हवा बसते.

झाकण्याचं काम प्रकाश विखुरल्याने होतं, आणि प्रकाश विखुरतो तो दोन पदार्थांच्या अपवर्तनांकात (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्या आकड्यात) फरक असेल तर. रुटाइल या स्फटिक प्रकारातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अंक २.७, अ‍ॅक्रिलिकचा १.५, खडूचा १.६, पाण्याचा १.३३, हवेचा १. अ‍ॅक्रिलिकमध्ये बुडालेला खडू म्हणजे १.५ मध्ये १.६, जवळपास अदृश्य. पण खडूच्या शेजारी हवा आली की १.६ विरुद्ध १, आणि तोच खडू पांढराफेक दिसायला लागतो. पहिला डबा वाळल्यावर झाकतो तो या हवेच्या जोरावर. ओलं फडकं फिरवलं की फटींत पाणी शिरतं, हवा हटते, आणि रेघ पुन्हा दिसते. दुसरा टायटॅनियमच्या जोरावर झाकतो, म्हणून त्याला ओलं-कोरडं सारखंच.

हाताला पांढरं लागतं तेही त्याच कारणाने: कणांना धरायला पुरेसा बाइंडरच नाही.

घरच्या घरी तपासायचं असेल तर दोन्ही रंग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कागदावर लावून आठवडाभर वाळू द्या आणि प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब ठेवा. पहिल्यावर थेंब काही सेकंदांत पसरून मुरेल आणि काळी पट्टी करड्या डागासारखी वर येईल. दुसऱ्यावर थेंब बराच वेळ उभा राहील.

जाता जाता दोन गैरसमज. 'टायटॅनियम जितकं जास्त तितकं चांगलं' हे खरं नाही. त्याचे कण ०.२ ते ०.३ मायक्रॉनचे मुद्दाम ठेवतात, दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मे, कारण त्या मापात विखुरणं सर्वाधिक होतं. पण कण फार दाटीने बसले की एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि टाकलेल्या मालाचं चीज होत नाही. म्हणून मधे अंतर राखायला थोडा बारीक एक्स्टेंडर हवाच. तो नेहमी भेसळ नसतो. दुसरं, पाणी जास्त घातल्याने पीव्हीसी बदलत नाही, कारण पाणी उडूनच जातं. बिघडतं ते वेगळंच: थर पातळ बसतो, ओघळ येतात, आणि उभ्या डब्यात साका लवकर बसतो.

चकाकीचं गणितही हेच. ग्लॉस एनॅमलचा पीव्हीसी १५ ते २० टक्के असतो, त्यामुळे वर बाइंडरचा सलग गुळगुळीत पापुद्रा येतो. जसजशी भुकटी वाढते तसतसे कण पृष्ठभागातून डोकं वर काढतात आणि रंग मॅट होतो. पण मॅट करायला वेगळी मॅटिंग भुकटी घालूनही काम होतं, त्यामुळे मॅट दिसला म्हणजे बाइंडर कमी, असं डोळे मिटून धरू नका.

जस्तफूल:

पत्र्याकडे येतो. रंग निकृष्ट नाही, आणि रंगाऱ्याचा हातही वाईट नसावा. रसायनच आड आलंय.

बाजारात ज्याला ऑइल पेंट म्हणतात त्याचा बाइंडर आता शुद्ध तेलाचा क्वचितच असतो. तो अल्कीड असतो. अल्कीड म्हणजे अल्कोहोल, आम्ल आणि तेलातली मेदाम्लं जोडून केलेलं पॉलिएस्टर. एस्टरचे हे दुवे अल्कलीत तुटतात. तेल आणि कॉस्टिक एकत्र उकळून साबण करतात, तीच क्रिया इथे सावकाश होते. जस्ताच्या पृष्ठभागावर हवा आणि ओल यांमुळे जस्ताचे अल्कलीधर्मी क्षार सतत तयार होत असतात. रंगातून ओलावा थोडा का होईना झिरपतोच. मग रंगाच्या अगदी तळाशी, पत्र्याला लागून, जस्ताचा साबण तयार होतो. तुम्ही म्हणता तो मागच्या बाजूचा पांढुरका चिकटपणा हाच.

वरचा रंग शाबूत, म्हणून पोपडे न सुटता अख्खी पट्टी निघते. साध्या लोखंडावर हे होत नाही, म्हणून रेलिंग ठीक. नव्या सिमेंट-गिलाव्यावर ऑइल पेंट फसतो तोही याच रोगाने. ताज्या गिलाव्याचा पीएच १२ ते १३ असतो, तिथे अल्कीड मऊ पडतो, तेलकट डाग आणि ओघळ दिसतात.

आता दारावर वरवर घासून पुन्हा रंग लावू नका. साबणाचा थर तळाशी आहे; वर कितीही चांगला हात मारला तरी तो त्याच घसरड्या पायावर बसणार. सगळा रंग काढावा लागेल. सुटतो तेवढा पात्याने, उरलेला पेंट रिमूव्हरने. डिस्कने घासून जस्त उडवू नका, त्याच्यासाठीच तर तो पत्रा घेतलाय.

त्यानंतर डिटर्जंटच्या पाण्याने तेल-ग्रीस काढा. पांढरा गंज (ओलीने जस्तावर येणारी पांढरी पूड) असेल तिथे पातळ अमोनिया आणि नायलॉनचा घासणीचा तुकडा, खिडक्या उघड्या ठेवून आणि हातमोजे घालून. अमोनिया आणि ब्लीच चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. भरपूर पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. पाणी पत्र्यावर सलग पसरलं तर तेल गेलं. ठिकठिकाणी थेंब झाले तर अजून आहे.

नव्या कोऱ्या पत्र्यावर आणखी एक भानगड असू शकते: साठवणीत पांढरा गंज येऊ नये म्हणून कारखान्यात क्रोमेटचा हात दिलेला असतो, आणि त्यावर रंग नीट धरत नाही. तपासायला एक जागा बारीक पॉलिश पेपरने घासा, शेजारची तशीच ठेवा, आणि दोन्हींवर २ टक्के मोरचुदाच्या पाण्याचा थेंब टाका. दोन्ही जागा लगेच काळ्या पडल्या तर जस्त उघडं आहे. घासलेली काळी पडली आणि दुसरी पडली नाही तर मधे थर आहे, तो हलक्या हाताने घासून काढावा लागेल.

प्रायमर दोनांपैकी एक: गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी असं स्पष्ट लिहिलेला पाण्याचा अ‍ॅक्रिलिक, किंवा दोन डब्यांचा इपॉक्सी. या दोन्हींतले दुवे जस्ताच्या क्षारांपुढे टिकतात. त्यावर वरून एनॅमल चालेल, कारण आता जस्त आणि अल्कीड यांची गाठ पडत नाही. कडा, भोकं, बिजागरीमागच्या जागा यांना ब्रशने आधी एक जास्तीचा हात द्या. द्रव रंग तीक्ष्ण कडेवरून मागे सरतो, आणि सालं तिथूनच उचलायला लागतात.

पातळ_थिनर:

एवढा कुटाणा कशाला? पत्रा व्हिनेगरने पुसा नाहीतर सहा महिने ऊनपावसात उभा ठेवा, मग लावा कुठलाही रंग. सगळे हेच करतात.

जस्तफूल:

ऊनपावसात ठेवण्यात तथ्य आहे, सहा महिन्यांत नाही. पूर्ण मुरलेल्या जस्तावर घट्ट, पाण्यात न विरघळणारा करडा कार्बोनेटचा थर तयार होतो आणि त्याला रंग चांगला धरतो. पण त्याला वर्ष ते दोन वर्षं लागतात. मधल्या काळात वर जे काही असतं ते सैल आणि पाण्यात विरघळणारं, म्हणजे रंगासाठी सगळ्यात वाईट अवस्था. सहा महिने म्हणजे नेमकं तिथेच गाठणं.

व्हिनेगरने जस्ताचं अ‍ॅसिटेट होतं, ते पाण्यात विरघळतं. नीट धुतलं गेलं नाही तर रंगाखाली क्षार राहतो, तो ओल ओढून घेतो आणि फोड येतात. आणि मुळात साबण होण्याचा प्रश्न त्याने सुटतच नाही. खाली जस्त आणि वर अल्कीड तेच राहतात. आम्लाने खरवडायचंच असेल तर फॉस्फोरिक आम्ल आणि तांब्याचा क्षार असलेलं टी-वॉश नावाचं तयार द्रावण मिळतं. ते लागलं की जस्त काळं पडतं. जिथे काळं पडलं नाही तिथे तेल राहिलंय किंवा क्रिया झाली नाही, हे डोळ्यांना दिसतं. तेही नंतर धुवावं लागतंच. आणि वर अल्कीड थेट लावायची मुभा त्यानेही मिळत नाही.

मायक्रॉन:

तिसरा प्रश्न. हिशोबाला नेहमी आकारमानाचा आकडा. थराची जाडी ही आकारमानाची गोष्ट आहे, वजनाची नाही. भुकटी जड असते म्हणून वजनाचा टक्का फुगलेला दिसतो. जस्ताची भुकटी तर ७.१ घनतेची, जस्तभरल्या प्रायमरमध्ये दोन आकड्यांत अक्षरशः जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सूत्र सोपं आहे: आकारमानाने घन टक्के गुणिले १०, भागिले कोरडा थर मायक्रॉनमध्ये, उत्तर चौरस मीटर प्रति लिटर. तुमचं ६०० भागिले १२५, म्हणजे ४.८. चाळीस चौरस मीटरला ८.३ लिटर. हे कागदावरचं. वीस टक्के नासाडी धरली तर ८.३ भागिले ०.८, म्हणजे साडेदहा लिटरच्या आसपास. खडबडीत किंवा ब्लास्ट केलेल्या पृष्ठभागावर खड्डे भरण्यात आणखी जातो, आणि स्प्रेने जाळीदार काम असेल तर वीस टक्के हा आशावाद आहे.

चुकून ७८ धरले असते तर ६.२४ चौरस मीटर निघाले असते, तुम्ही ६.४ लिटर आणला असता, आणि तो पुरवून पुरवून लावला असता तर थर बसला असता ९६ मायक्रॉन. वरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणूनच ही चूक पकडली जात नाही.

काम चालू असताना कोरडा थर मोजता येत नाही, ओला येतो. दातेरी कंगवा मिळतो. ओल्या रंगात टेकवायचा आणि शेवटचा कोणता दात भिजला ते पाहायचं. तुम्हाला १२५ भागिले ०.६, म्हणजे २०८ मायक्रॉन ओला हवा. दहा टक्के थिनर घातला तर १२५ गुणिले ११० भागिले ६०, म्हणजे २२९. थिनर घातल्यावर जुनाच आकडा धरून चालणारे बरेच सापडतील. एका हातात एवढा ओला थर उभ्या भागावर थांबेल का ते माहितीपत्रकात पाहा. ओघळत असेल तर दोन हात.

आता ४:१. डब्यावर 'आकारमानाने' लिहिलं असेल तर मापानेच. समजा राळेच्या भागाची घनता १.५ आणि हार्डनरची १. मापाने ४:१ म्हणजे वजनाने ६:१. कुणी काट्यावर ४:१ तोलला तर हार्डनर दीडपट गेला. एनॅमलमध्ये ड्रायर (वाळण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) जास्त पडला तर लवकर वाळेल, इथे तसं नाही. हार्डनर हा निम्मा जोडीदार आहे. राळेच्या रेणूच्या प्रत्येक हाताला हार्डनरच्या रेणूचा एक हात लागतो. जास्त झाला तर बिनजोड रेणू थरात तसेच राहतात, थर मऊ राहतो आणि पाणी ओढतो. म्हणून शक्यतो अख्खा डबा अख्ख्या डब्यात. अर्धाच हवा असेल तर आधी प्रत्येक डबा तळापासून ढवळा, मग मापा. साका तळाशी ठेवून वरचं मापलं तर प्रमाण आधीच चुकलं.

मिश्रण यंत्राने मंद वेगाने दोन-तीन मिनिटं, मग कडा आणि तळ पट्टीने खरवडा, दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओता आणि पुन्हा ढवळा. बादली बदलायचा कंटाळा करतात, आणि मग शेवटच्या हातभर जागेत रंग कधीच वाळत नाही, कारण पहिल्या बादलीच्या भिंतीला चिकटलेला कच्चा भाग तिथे पोचलेला असतो.

मिसळलेला रंग आयुष्य मोजायला लागतो. तापमान १० अंशांनी वाढलं की वापरायची वेळ साधारण निम्मी. शिवाय क्रियेतून उष्णता निघते आणि खोल बादलीत ती अडकते. तोच रंग उथळ ट्रेमध्ये ओतला तर जास्त वेळ टिकतो. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात थिनर घालून ते पातळ दिसेल, पण साखळ्या आधीच जुळलेल्या असतात. ते टाकूनच द्यायचं.

हवामान: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असलं पाहिजे. हवेचं नाही, पत्र्याचं. थंडगार दमट हवेत अमाइन हार्डनर कार्बन डायऑक्साइड आणि बाष्पाशी क्रिया करून वर मेणचट, चिकट साय आणतो. तिच्यावर दुसरा हात धरत नाही. कोमट पाणी आणि फडक्याने ती निघते, थिनरने फक्त पसरते.

रेलिंग उघड्यावर असेल तर इपॉक्सी शेवटचा हात म्हणून ठेवू नका. उन्हात तो खडूसारखा भुकटी सोडतो. वर अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेन द्या. अ‍ॅरोमॅटिक प्रकार पिवळा पडतो. पॉलियुरेथेनचा हार्डनर आयसोसायनेट असतो, तो पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे करतो, म्हणून झाकण उघडं टाकलेला हार्डनर दुसऱ्या दिवशी वापरू नये. आणि त्याचा स्प्रे श्वासात जाऊ देऊ नका. साधा कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही.

कोरा_पत्रा:

सगळं लिहून घेतलं. एक उपप्रश्न. ऑइल पेंट 'वाळतो' म्हणजे थिनर उडतो एवढंच ना? मग जाड हात दिला की सुरकुत्या का येतात? आणि जुन्या भिंतीवर इमल्शन आहे की ऑइल, हे रंग न उखडता कसं ओळखायचं?

अळशी:

थिनर उडणं हा फक्त पहिला टप्पा. अल्कीड किंवा जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून रेणू एकमेकांत गुंफतं. तेल वाळताना त्याचं वजन वाढतं, घटत नाही, यावरूनच कळेल की इथे उडण्यापेक्षा घेण्याचा भाग मोठा आहे. ही क्रिया वेगाने व्हावी म्हणून ड्रायर घालतात. कोबाल्ट वरचा थर वाळवतो. झिर्कोनियम आणि कॅल्शियम आतपर्यंत वाळायला मदत करतात. जाड हात असला किंवा कोबाल्ट जास्त पडला तर वर साय आधी धरते आणि खालचा रंग द्रवच राहतो. साय ऑक्सिजन घेत घेत पसरू पाहते, पण पसरायला जागा नसते, मग चुण्या पडतात. उपाय एकच: पातळ दोन हात, आणि कडक उन्हात काम नाही. चुण्या पडल्यावर महिनाभर वाट पाहून घासावं लागतं, कारण चुण्यांच्या आत रंग मऊच असतो.

डब्यात येणारी साय हाच प्रकार. ती अलगद कापून बाहेर काढा, ढवळून आत घालू नका, आणि रंग गाळून घ्या. हुशारी म्हणून उरलेल्या डब्यात टर्पेंटाइनचा पातळ थर सोडून झाकण घट्ट लावतात, ते बरोबर आहे; ऑक्सिजन अडतो.

या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन घेताना उष्णता निघते, बोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

इमल्शनचं वाळणं अगदी वेगळं. पाण्यात प्लास्टिकचे ०.१-०.२ मायक्रॉनचे गोळे तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांवर दाबले जाऊन चिकटून सलग पापुद्रा होतो. ते मऊ असले तरच चिकटतात, म्हणून फार थंडीत इमल्शन वाळतं पण जुळत नाही. भिंतीवर भेगाळलेली भुकटी उरते, आणि नंतर ऊब आली तरी ती सुधारत नाही. गोळे मऊ करायला घातलेला सावकाश उडणारा द्रव पूर्ण जायला आठवडे लागतात. हाताला दोन तासांत कोरडा लागलेला रंग धुण्यालायक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात ते म्हणूनच.

तिसरा प्रकार निव्वळ उडून वाळणारा, नायट्रोसेल्युलोज लॅकर. तो त्याच्या थिनरमध्ये कधीही पुन्हा विरघळतो. चौथा मायक्रॉन यांनी सांगितलेला दोन डब्यांचा.

ओळखायला: पांढरा कापूस स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट एकाच जागी घासा. रंग मऊ पडून कापसाला लागला तर इमल्शन. काहीच झालं नाही तर ऑइल पेंट, लॅकर किंवा दोन डब्यांचा. मग कोपऱ्यात लॅकर थिनरचा बोळा पाच मिनिटं चिकटवून ठेवा: विरघळला तर लॅकर, चुण्या पडून उचलला तर ऑइल, ढिम्म राहिला तर दोन डब्यांचा. ऑइलवर लॅकर का लावू नये, हेही याच बोळ्याखाली दिसतं.

एक खबरदारी. जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. शिशाचा सफेदा, शेंदूर, क्रोम पिवळा हे एकेकाळी रोजच्या वापरातले होते. आता जागतिक पातळीवर शिफारस केलेली मर्यादा दशलक्षात ९० भाग इतकी आहे. जुन्या थरांत टक्क्यांमध्ये असायचं. तपासल्याशिवाय कोरडा घासू नका, ब्लोटॉर्चने जाळू नका. ओला पॉलिश पेपर वापरा, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तिथून लांब ठेवा.

आणखी एक गंमत: पांढरा ऑइल पेंट उजेडात कमी आणि अंधारात जास्त पिवळा पडतो. भिंतीवरचं कपाट हलवलं की मागे दिसणारा पिवळट चौकोन ओलीचा नसतो, अंधाराचा असतो. उजेड लागला की बराचसा परत फिकटतो.

पिवडी:

सगळं बाइंडरबद्दल चाललंय म्हणून रंगद्रव्याबद्दल चार ओळी. गेरू, पिवडी, काव ही लोखंडाची ऑक्साइडं; ऊन आणि चुना दोन्ही पचवतात. उठावदार लाल, नारिंगी, जांभळी छटा बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांची असते, आणि बाहेरच्या भिंतीवर त्यातली स्वस्त द्रव्यं आधी विटतात. प्रशियन निळा चुन्यात किंवा ताज्या सिमेंटवर तपकिरी पडतो. अल्ट्रामरीन, म्हणजे चुन्यात घालतात ती नीळ, टिकते. उलट अल्ट्रामरीनला आम्ल चालत नाही. बाहेरच्या भिंतीसाठी छटा निवडताना रंगाच्या नावाकडे न पाहता तिच्यात ऑक्साइड आहे का ते विचारा.

कोरा_पत्रा:

म्हणजे पहिला डबा फेकून देऊ?

रुटाइल:

अजिबात नको. छताला लावा. तिथे कुणी हात लावत नाही, फडकं फिरवत नाही. सीमेपलीकडच्या रंगाला चकाकी नसते, त्यामुळे गिलाव्याचे उंचसखल भाग तिरप्या उजेडातही उठून दिसत नाहीत, आणि फटींतून वाफ बाहेर पडते म्हणून फोड कमी येतात. फक्त पुढच्या वेळी त्यावर रंग लावायच्या आधी हाताने चोळून पाहा. पांढरं लागत असेल तर आधी आत मुरणारा पातळ प्रायमर द्या, नाहीतर नवा रंग त्या भुकटीलाच चिकटेल आणि रोलरबरोबर तिच्यासकट खाली येईल.